गुलाबी मीठ आणि सरकारी मीठ

सरकारने माझ्या ताटात नाक खुपसू नये, असं माझं साधारण मत आहे. वडापाव खायचा की नाही, चहात साखर किती घालायची, उपासाला साबुदाणा चालतो की भगर बरी, हे माझं मी बघेन. त्यासाठी मला मंत्रालयातून सल्ला नको. माझे तळणाचे उद्योग माहीत असलेली घरची मंडळी आत्ता हसत असतील, हसू देत.

पण एका बाबतीत मी सरकारच्या बाजूची आहे, आणि ती बाब म्हणजे मीठ. आयोडीनयुक्त मिठाची सक्ती मला पटते. हे मी चार ठिकाणी बोलून दाखवलं तेव्हा तीन ठिकाणी वाद झाले आणि चौथ्या ठिकाणी विषय बदलला गेला. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

झालंय असं, की गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यात, शेजारात आणि भिशीच्या ग्रुपात मिठाचा रंग बदललाय. पूर्वी डब्यात पांढरं मीठ असायचं, आता गुलाबी असतं. 'पांढरं मीठ म्हणजे केमिकल, ते बंद करा, सैंधव खा' असा मेसेज तुम्हालाही आला असेलच. मला तो आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या काकूंकडून आलाय. त्यात चौऱ्याऐंशी खनिजांचा उल्लेख असतो. चौऱ्याऐंशी हा आकडा आपल्याकडे लक्ष योनींसाठी राखीव होता, तो मिठाकडे कधी गेला कोण जाणे :-)

सैंधवाबद्दल माझ्या मनात काही राग नाही. आयुर्वेदात सगळ्या लवणांमधे त्याला पहिला मान आहे. उपासाला आपण ते पिढ्यानपिढ्या वापरतो. आणि शब्दही किती देखणा. सिंधूकडून आलेलं ते सैंधव. संस्कृतात सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. म्हणून 'सैंधव आण' असं जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं आणि प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा, असं उदाहरण शास्त्रीबुवा देत असत. आज ज्याला 'हिमालयन पिंक सॉल्ट' म्हणतात ते प्रामुख्याने पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतलं. हिमालयापेक्षा सिंधूशीच त्याचं नातं जास्त, म्हणजे जुनं नावच बरोबर होतं. मे २०२५ मधे भारताने पाकिस्तानातून होणारी सगळी आयात बंद केली तेव्हा आपलं उपासाचं मीठ कुठून येतं हे कित्येकांना पहिल्यांदा कळलं.

गुलाबी रंग येतो तो लोहाच्या अंशामुळे. इतर खनिजंही असतात, पण इतकी थोडी की त्यांचा उपयोग व्हायला मीठ वाटीवाटीने खावं लागेल, आणि तसं केलंत तर खनिजांचा विचार करायला तुम्ही राहणार नाही. मुख्य मुद्दा हा की त्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतं.

इथे हमखास एक प्रश्न येतो. 'मग समुद्राचं मीठ खावं, त्यात नैसर्गिक आयोडीन असतं ना?' नसतं हो. निदान पुरेसं नसतं. साधा हिशोब करून बघू. समुद्राच्या लिटरभर पाण्यात आयोडीन असतं सुमारे ०.०६ मिलीग्रॅम. किलोभर मीठ मिळवायला तीसपस्तीस लिटर पाणी आटवावं लागतं. त्यातलं सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं तरी किलोमागे दोन मिलीग्रॅमच्या आसपास जाईल. आणि सगळं उतरत नाहीच, बहुतेक वाटेतच जातं. कायदा काय म्हणतो? कारखान्यातून निघताना किलोला निदान ३० मिलीग्रॅम आणि दुकानातून आपल्या हातात येताना निदान १५. का १५? तर मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि आपण भारतीय दिवसाला दहाएक ग्रॅम मीठ खातो. गुणाकार करून बघा, बरोबर १५० येतात. (इतकं मीठ खाऊ नये, पाच ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तो वेगळा विषय, आणि लोणच्याच्या बरणीसमोर बसून तो मी काढणार नाही.)

कोकणातल्या माणसाला मासळीतून थोडंफार आयोडीन मिळतं. दूधदुभत्यातूनही मिळतं. बाकी धान्य-भाजीत किती असेल ते जमिनीवर अवलंबून. पावसाने, पुराने, हिमनद्यांनी धुऊन निघालेल्या मातीत ते उरत नाही आणि मातीत नाही तर पिकात कुठून येणार? हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत म्हणूनच गलगंड पिढ्यानपिढ्या होता. मोठी झालेली गाठ गळ्यावर लोंबते आहे आणि माणूस शेतात काम करतो आहे, हे तिथे कुणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं.

तिथेच, हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात, १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. मला तो आपल्या देशातल्या अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्यात कुठलंही अवघड यंत्र नाही, नुसतं मीठ आहे. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं (एकाला आयोडाइड, दुसऱ्याला आयोडेट) आणि मधल्या भागाला साधं. शाळेतल्या मुलांचे गळे तपासले. सुरुवातीला तिन्ही भागांत दर दहा मुलांत जवळजवळ चौघांना गलगंड होता. पाचसहा वर्षांनी आयोडीनवाल्या दोन्ही भागांत तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला. साध्या मिठाच्या भागात तसाच राहिला. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथलाही आकडा उतरायला लागला. मधल्या गावांतल्या मुलांनी ती वर्षं तशीच काढली, हे वाचताना आज खटकतं, आणि आजची कुठलीही नैतिक समिती असा प्रयोग मान्य करणार नाही. पण १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला तो याच कामाच्या पायावर.

गळ्यावरची गाठ दिसते, म्हणून तिचं नाव झालं. खरं नुकसान दिसत नाही. पोटातल्या बाळाची थायरॉइड ग्रंथी साधारण चौथ्या-पाचव्या महिन्याशिवाय स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तोपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ ज्या संप्रेरकावर चालते ते आईकडून येतं, आणि आईला ते बनवायला आयोडीन लागतं, नेहमीपेक्षा जास्त, दिवसाला २५०च्या आसपास मायक्रोग्रॅम. फारच कमी पडलं तर मूल कायमचं मतिमंद होतं. थोडं कमी पडलं तर मूल दिसायला अगदी ठणठणीत असतं, फक्त त्याची बुद्धी व्हायला हवी होती तेवढी होत नाही. आणि हे कुणालाच कधी कळत नाही, कारण ते मूल 'व्हायला हवं होतं तसं' कसं असतं हे बघायला दुसरं कुणी नसतं. गणितात कच्चं आहे, म्हणतात लोक. नंतर आयोडीन देऊन ते भरून येत नाही.

आता सक्तीची गोष्ट. खाण्याचं मीठ आयोडीनशिवाय विकायला देशभर बंदी आली १९९८ साली. २००० साली केंद्राने ती उठवली. कारण दिलं गेलं ते असं, की आरोग्याच्या बाबतीत जबरदस्ती नको, लोकांना माहिती द्यावी आणि त्यांनी आपलं आपण ठरवावं. वाचायला किती छान वाटतं! मीच लिहिलं असतं कदाचित. झालं काय? १९९८-९९च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत ४९ टक्के घरांत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ होतं, ते पुढच्या चारेक वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास घसरलं. आता सांगा, या घरांतल्या बायकांनी माहिती घेऊन, विचार करून आयोडीन नाकारलं का? छे. दुकानात जे स्वस्त होतं ते आणलं. कित्येक राज्यांनी आपापली बंदी चालू ठेवली होती तरी ही गत. २००६च्या मे महिन्यात केंद्राची बंदी परत आली. २०१८-१९च्या पाहणीत पुरेसं आयोडीन असलेल्या घरांचं प्रमाण ७६ टक्के निघालं.

विरोधकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात दम आहे. नागपूरच्या अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेने या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २०११ साली कायद्याच्या मुद्द्यावर ती जिंकलीसुद्धा. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. तुमचा १९५४चा कायदा भेसळ रोखण्यासाठी आहे. साधं मीठ ही काही भेसळ नव्हे आणि ते विषही नव्हे. मग त्या कायद्याखाली साध्या मिठावर बंदी कशी घालता? नियम अधिकाराबाहेरचा ठरला. पण सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याने न्यायालयाने तो सहा महिने चालू ठेवायची मुभा दिली, आणि दरम्यान नव्या अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नियमांत तीच तरतूद आली. मला हा निकाल आवडतो. सक्ती करायची असेल तर नीट कायदा करून करा, मागच्या दाराने नको. सरकारला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

सरकारी बंदी म्हणजे शास्त्र असं मी तरी मानत नाही. २०१५ साली मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हा आपण सगळे किती घाबरलो होतो आठवतं? दोन महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीचं म्हणणं न ऐकता घातली म्हणून, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर घातली त्यांना त्या तपासण्यांची रीतसर मान्यता नव्हती म्हणून. असे प्रकार झाले की उद्या सरकारने खरं सांगितलं तरी लोक म्हणतात, काहीतरी गौडबंगाल आहे. मिठाच्या बाबतीत नेमकं तेच होतं. 'कंपन्यांचा फायदा' हे वाक्य पाच मिनिटांच्या आत येतंच.

आणि ते पूर्ण खोटंही नाही. माझं आजोळ पेणच्या बाजूचं. तिकडे खाडीकाठी मिठागरं होती, आगरी लोकांचं तर नावच आगरावरून पडलेलं. आजीकडे चिनी मातीच्या बरणीत करड्या रंगाचं, ओलसर, जाडं मीठ असायचं. पाटीवालीकडून धान्याच्या बदल्यात घेतलेलं. १९३०मधे शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या अशाच मिठासाठी. ज्या देशात मूठभर मीठ उचलणं हा स्वातंत्र्याचा अर्थ झाला, तिथे 'हेच मीठ घ्या' म्हटल्यावर लोकांच्या कपाळावर आठी पडणारच. यंत्र, पिशवी, छपाई, तपासणी हे सगळं मोठ्या कारखान्याला परवडतं, लहान आगरवाल्याला जड जातं. आयोडीन घालण्याचा खर्च स्वतः किलोला काही पैशांचा. लहान उत्पादकांना एकत्र येऊन ते करायला मदत करणं हे सरकारचं काम होतं आणि ते मनापासून झालं असं मला दिसत नाही. ही तक्रार रास्तच आहे. पण ती आयोडीनविरुद्धची तक्रार नव्हे, हे दोन्ही बाजू विसरतात.

आता ज्या कारणाने हे सगळं लिहायला बसले ते सांगते. माझी भाची तिसऱ्या महिन्यात आहे. बंगळुरूला असते, हुशार आहे, वाचते खूप. दोन वर्षांपासून ती दूधदुभतं खात नाही, मासे तर आमच्याकडे नव्हतेच. आणि घरात मीठ फक्त गुलाबी. फोनवर मी विषय काढला तर म्हणाली, "मावशी, माझ्या स्वयंपाकघरात सरकार कशाला?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. (सोनू, तू हे वाचणार आहेस, म्हणून नीट उत्तर देते.)

पहिलं म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरात सरकार नाहीच. कायदा विकणाऱ्यावर आहे, खाणाऱ्यावर नाही. तुझ्या डब्यात कुठलं मीठ आहे हे बघायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही आणि येऊही नये.

दुसरं म्हणजे मी वडापाव खाते तेव्हा मला ठाऊक असतं मी काय खातेय. तेल हाताला लागतं, रात्री छातीत जळजळतं, वजनकाटा बोलतो. शरीर हिशोब देत असतं आणि मी तो बघून पुढचा वडापाव खाते किंवा खात नाही. याला निवड म्हणतात. आयोडीन नसलेलं मीठ तितकंच खारट लागतं. जिभेला कळत नाही, पोटाला कळत नाही. ज्याचा पत्ताच लागत नाही त्यातून आपण निवड कशी करणार?

तिसरं जरा कठोर आहे. माझ्या वडापावाचं बिल मी भरते. तुझ्या मिठाचं बिल तू भरणार नाहीस. तुला कदाचित काहीही होणार नाही. जे भरणार आहे त्याला अजून नाव नाही. आपण त्याचं बारसं ठरवतोय, पाळण्याचा रंग ठरवतोय, आणि त्याच्या वतीने हेही ठरवून टाकतोय, तेही चौऱ्याऐंशी खनिजांच्या एका मेसेजवरून.

ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंना विचारते. शाबास. ते तर हवंच, कारण ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी मावशीच्या ब्लॉगवरून काही ठरवू नये. पण विचारताना 'मी कुठलं मीठ खाते' आणि 'मी दूध घेत नाही' ही दोन वाक्यं स्वतःहून सांग. तपासायला जाताना मिठाचं पाकीट कुणी बरोबर नेत नाही, आणि गर्दीच्या दवाखान्यात तो प्रश्न कुणी विचारेलच याचा भरवसा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सरकारच्या बाजूने बोललीस तर सरकारकडून तुला काय हवंय? मला एकच गोष्ट हवी आहे. ज्या ज्या पाकिटातल्या मिठात आयोडीन नाही, मग ते गुलाबी असो, काळं असो, नाहीतर 'पारंपरिक' असो, त्याच्या पुढच्या बाजूला, मराठीत, ठळक अक्षरांत लिहा की यात आयोडीन नाही. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत नको. पुढे डोंगराचं चित्र आणि 'शुद्ध, नैसर्गिक' अशी नक्षी, आणि कामाची गोष्ट भिंग लावून शोधायची, हे चालणार नाही. लोकांनी माहिती घेऊन निवडावं असं २०००मधे म्हणाला होतात ना? मग माहिती दिसेल अशी तरी छापा. ते वाचूनही कुणाला उपासाला, कोशिंबिरीवर सैंधव हवं असेल तर खुशाल घेऊ दे. रोजच्या भाजी-आमटीचं मीठ आयोडीनचं असलं की झालं.

ते मीठही नीट ठेवायला हवं, बरं का. उघड्या वाडग्यात, गॅसच्या शेजारी, ओल्या चमच्याने ढवळलं की आयोडीन हळूहळू कमी होतं. घट्ट झाकणाचा डबा, चुलीपासून लांब, एवढंच. आणि आमटीत मीठ शेवटी शेवटी घालायचं.

राहता राहिलं लोणचं. कैरीच्या लोणच्याला मी जाडं खडे मीठच आणते, भाजून, कुटून घालते, आणि यंदाही घालणार आहे. लोणच्याच्या फोडीवर कुणी आपली आयोडीनची गरज भागवत नाही, त्यामुळे नियमाच्या कैवारी बाईच्या फडताळात ही बरणी कशी म्हणून विचारायला येणाऱ्यांनी येताना रिकामी वाटी घेऊन यावी.